गर्भजल आणि बाळाची मूत्रपिंडे

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात नवीन जालना येथे केलेले भाषण)



झरा आटला की काय होते, हे जालनेकरांना निराळे सांगावयास नको. वडीलधाऱ्यांनी १९७२ चा दुष्काळ पाहिला, तरुणांनी २०१२ चा. मातेच्या उदरातही असेच एक तळे असते. ते आटले म्हणजे आपल्या घरांतून सारा दोष सुनेच्या माथी मारला जातो. म्हणून आज हा विषय घेतला आहे.

गर्भजल प्रारंभी मुख्यतः मातेच्या देहातून येते. सुमारे सोळाव्या आठवड्यानंतर मात्र त्याचा बहुतेक भाग म्हणजे बाळाचे मूत्रच होय. बाळ ते गिळते व पुन्हा विसर्जित करते. यात किळस वाटण्याजोगे काही नाही. बाळाच्या रक्तातील मळ वारेवाटे मातेकडेच जात असतो.

दोन्ही मूत्रपिंडे घडलीच नाहीत, अथवा मूत्रमार्ग अडला, तर हे तळे आटते. मळ काढण्याचे काम माता करीत असल्याने बाळ उदरात जगते. परंतु पाण्यावाचून फुप्फुसे पुरती वाढत नाहीत, हातपाय आखडतात, चेहरा चेपतो. शिकागोच्या डॉ. एडिथ पॉटर यांनी १९४६ साली हे वर्णन केले. दोन्ही मूत्रपिंडे नसलेली बालके बहुधा जन्मताच श्वासाअभावी दगावतात. एकच मूत्रपिंड नसेल, तर दुसरे सहसा काम भागविते.

तेव्हा सून ग्रहणात बाहेर आली, तिने पाणी कमी प्याले, म्हणून बाळाची मूत्रपिंडे घडली नाहीत, हे म्हणणे निराधार आहे. पाणी कमी होण्यास पिशवी फुटणे, वारेचे दुबळेपण, रक्तदाबावरील व वेदनाशामक काही औषधे अशीही कारणे असतात. म्हणून डॉक्टरांना विचारल्यावाचून गोळी घेऊ नये, आणि अठरा ते वीस आठवड्यांच्या सुमारास सोनोग्राफी चुकवू नये. ती बाळाचे अवयव पाहण्यासाठी. मुलगा की मुलगी हे विचारणे १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे.

आणखी एक. मूत्रपिंडांत असंख्य पाणगाठी होण्याचा एक विकार माता व पिता दोघांकडून दोष आल्यासच होतो. अशा दांपत्याला प्रत्येक खेपेस चारांत एक धोका असतो. मामाच्या मुलीशी सोयरीक करणाऱ्या आपल्या समाजाने हे ध्यानी घ्यावे.

रिकाम्या पाळण्यापाशी बसलेल्या लेकीला बोल लावू नका. तिला पुढील तपासणीस सोबत करा, एवढीच माझी विनंती आहे.