कठीण वाटणे आणि जड जाणे

अमुक भाषा सोपी की कठीण, असा प्रश्न आपण सहज विचारतो. पण सोपेपणा अगर कठीणपणा हा भाषेच्याच अंगचा गुण असता, तर तो सर्वांना सारखाच जाणवला असता. तंजावरला 1676 पासून 1855 पर्यंत भोसल्यांची गादी होती. तिच्या आश्रयाने दक्षिणेत स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांत घरात मराठी व दारात तमिळ, असा रिवाज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. त्यांना तमिळ जड जात नाही. नव्याने बदलून चेन्नईस आलेल्या मराठी माणसाला ती जड जाते. तमिळ तीच, परंतु ‘मला’ म्हणणारा निराळा.

हा ‘मला’ फार मोलाचा आहे. ‘मला तमिळ जड जाते’ या वाक्यात कर्तेपण तमिळकडे असून बोलणारा चतुर्थीचा प्रत्यय लावून बाजूला उभा असतो. तमिळ भाषेचे कुल वेगळे, द्राविडी; तरीही ‘मला’ या अर्थाचा ‘एनक्कु’ तेथे हेच काम करतो. ज्याला गाता येत नाही तो म्हणतो, ‘एनक्कुप् पाट्टु वरादु’. म्हणजे शब्दशः, ‘मला गाणे येत नाही’.

शेजारी नांदणाऱ्या भाषांत असे साम्य असावे, यात नवल नाही. नवल वाटले ते चेन्नईच्या मुक्कामात फावल्या वेळी स्पॅनिशचे पुस्तक हाती घेतल्यावर. हजारो कोसांवरच्या या भाषेतही माणूस ‘मला’ असेच म्हणतो. एखादी गोष्ट जड जात असेल, तर तो ‘मे क्वेस्ता’ म्हणतो. मूळ अर्थ, ‘मला तिची किंमत पडते’. जड जाणाऱ्या गोष्टी अनेक असल्या, तर ‘मे क्वेस्तान’. जसे आपल्याकडे एक क्रियापद जड ‘जाते’ आणि अनेक क्रियापदे जड ‘जातात’. दुसऱ्याहून आपला अनुभव वेगळा सांगायचा, तर तो ‘मला’ दोनदा उच्चारतो: ‘आ मी मे क्वेस्ता’. आपण तेथे ‘मला तरी जड जाते’ असे म्हणू.

याहून सूक्ष्म साम्य पुढेच आहे. ‘मे पारेसे दिफीसिल’ म्हणजे ‘मला कठीण वाटते’. हे दुरून पाहूनही म्हणता येते. ‘मे रेसुल्ता दिफीसिल’ यात मात्र अनुभवाअंती तसे ठरल्याची छटा आहे. मराठीत ‘वाटणे’ आणि ‘जाणे’ यांत हेच अंतर आहे, आणि ते पुष्कळदा आपल्या ध्यानी येत नाही.

अंदाज आणि अनुभव यांचा मेळ बसतोच असे नाही. तमिळ लिपीत स्वर बारा व मूळ व्यंजने अवघी अठरा, म्हणून ती सोपी वाटते. पण तेथे क आणि ग यांना अक्षर एकच. स्थानावरून उच्चार ठरवताना मराठी वाचकाला ती जड जाते. उलट स्पॅनिशमधील ‘मे गुस्ता’ ही रचना इंग्रजीच्या वळणाने शिकणाऱ्यास उफराटी भासते. मराठी माणसाला ती सोपी जाते, कारण तिचा अर्थच ‘मला आवडते’ असा आहे.

या शहरात दहा-दहा वर्षे नोकरी करून ‘तमिळ फार कठीण आहे’ एवढेच सांगणारे सुशिक्षित लोक मला भेटतात. त्यांच्या वाक्यात ‘मला’ नसतो, आणि बोलणे तेथेच खुंटते. ‘कठीण वाटते’ म्हणण्यास काहीच खर्च येत नाही. ‘जड जाते’ म्हणण्याचा अधिकार मात्र थोडी किंमत मोजल्यावर मिळतो. तो मिळवून भाजीवालीला अडखळत का होईना सांगावे, ‘एनक्कुत् तमिळ् पेसक् कष्टमा इरुक्कु’, मला तमिळ बोलणे जड जाते. ती आपले बोलणे थोडे सावकाश करते, आणि त्या दिवसाचा एखादा नवा शब्द भाजीबरोबर घरी येतो.