स्थानकावरील चौथी भाषा

नागपूर रेल्वेस्थानकात गाडी शिरली म्हणजे गावाचे नाव प्रवाशाच्या दृष्टीस तीनदा पडते: मराठीत 'नागपूर', हिंदीत 'नागपुर' आणि तिसऱ्यांदा इंग्रजीत. पहिल्या दोहोंत भेद काय तो एका उकाराचा. व्याकरणशास्त्र्यांखेरीज तो कोणाच्या ध्यानी येतो? तरीही त्या ऱ्हस्व-दीर्घाची बूज राखून दोन निराळ्या ओळी रंगविल्या जातात, आणि ते योग्यच होय. परंतु देवगडच्या ज्या गोंड राजाने, बख्त बुलंद शहाने, अठराव्या शतकाच्या आरंभी बारा वाड्या एकत्र करून हे नगर वसविले, त्याच्या लोकांची भाषा त्या फलकावर नाही आणि ध्वनिक्षेपकातूनही ती ऐकू येत नाही.

गोंडी ही मराठीची बोली नव्हे. ती द्राविडी कुळातील भाषा आहे. दोन, तीन, चार ह्यांस गोंडीत रंड, मुंड, नालुंग म्हणतात. तेलुगूतील रेंडु, मूडु, नालुगु हे शब्द ज्याने ऐकले असतील त्यास हे नाते निराळे सांगावयास नको. २०११ च्या जनगणनेत सुमारे तीस लाख लोकांनी ही आपली मातृभाषा म्हणून सांगितली. घटनेच्या आठव्या अनुसूचीत मात्र तिला स्थान नाही.

नागपूर शहरातील बहुतेक गोंड कुटुंबे आज मराठी किंवा हिंदी बोलतात. त्यांची गैरसोय होते असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. अडचण पडते ती बाहेरून येणाऱ्यांस. गडचिरोलीच्या एटापल्ली-भामरागडकडील एखादी म्हातारी आजारी नातवास घेऊन नागपूरच्या मेडिकलमध्ये येते. तिला कामापुरती मराठी कळते, पण ती बाजारातली, सावकाश बोललेली. गणेशपेठेच्या बसस्थानकावरील गजबजाटात घाईने उच्चारलेली सूचना तिच्या कानावर नुसता आवाज म्हणून आदळते. पाटी वाचणे तिला येत नाही. मग ती कोणाच्या तरी तोंडाकडे पाहते. तो मनुष्य भला निघाला तर ठीक, नाही तर परतीची शेवटची गाडी निघून जाते.

ह्यावर पहिला उपाय सुचतो तो गोंडी पाट्यांचा. गोंडीस स्वतःच्या लिप्याही आहेत. मुन्शी मंगलसिंग मसराम ह्यांनी १९१८ साली रचलेली एक, आणि आदिलाबादकडील गुंजाळा गावी जुन्या हस्तलिखितांतून उजेडात आलेली दुसरी. संगणकाच्या जागतिक वर्णसंचात पहिलीचा समावेश २०१७ साली व दुसरीचा २०१८ साली झाला. ह्या लिपीतील फलक स्थानकावर झळकला तर ती सन्मानाची गोष्ट ठरेल, ह्यात संशय नाही. पण त्या म्हातारीस तो फलकही मुकाच राहील. जी भाषा पिढ्यान्‌पिढ्या कानांवर जगली, तिची माहिती कानांनाच दिली पाहिजे.

आणि हे काम वाटते तितके अवघड नाही. रेल्वेची उद्‌घोषणा पुष्कळ ठिकाणी कोणी समोर बसून करीत नसते. अंक, गावांची नावे, 'येत आहे', 'सुटणार आहे' असे तुकडे एकदाच ध्वनिमुद्रित करून ठेवतात, आणि यंत्र ते माळेतील मण्यांप्रमाणे ओवून वाक्य तयार करते. म्हणजे गोंडीसाठी हवेत ते काही शेकडा तुकडे आणि एक स्वच्छ आवाज.

आवाज कोणाचा, हा प्रश्न मात्र खरा आहे. छिंदवाडा-शिवनीकडची गोंडी एक, गडचिरोलीची दुसरी आणि भामरागडची माडिया तिसरी. ह्या भेदांची जाणीव असल्यामुळेच निरनिराळ्या राज्यांतील गोंडी भाषकांनी मिळून २०१८ साली प्रमाण गोंडी शब्दकोश तयार केला. पण कोशातला शब्द म्हातारीस कळेलच असे नाही. म्हणून चंद्रपूर-गडचिरोलीच्या गाड्यांपुरती तिकडची बोली आणि छिंदवाड्याच्या गाडीस तिकडची, असा साधा व्यवहार करणे बरे. यंत्रास त्याचे ओझे होत नाही.

चौथी भाषा स्थानकास जड होते काय? नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरचे स्थानक अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजराथेत आहे. तेथे हिंदी, इंग्रजी, मराठी आणि गुजराथी अशा चार भाषांत सूचना दिल्या जातात, आणि गाड्या त्यामुळे काही थांबून राहत नाहीत. गमतीची म्हणा वा खेदाची म्हणा, गोष्ट इतकीच, की भोवतालच्या खेड्यांतून बोलली जाणारी मावची त्या चारांत नाही. जेथे दोन राज्यभाषांची सीमा आहे तेथे चौथी भाषा सहज येते. जेथे केवळ माणसे आहेत तेथे ती येत नाही.

विलायतेत वेल्स प्रांताची गोष्ट निराळी आहे. २०२१ च्या गणनेत वेल्श बोलणारे साडेपाच लाखांहूनही कमी भरले, आणि त्यांतील बहुतेक सर्वांस इंग्रजी उत्तम येते. तरी तेथील स्थानकांवर पाटीही वेल्शमध्ये असते व घोषणाही. गोंडी बोलणारे त्यांच्या पाचपटींहून अधिक आहेत.

१९७३ साली हेमलकशास लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा तेथे गेलेल्या डॉक्टरांना औषधाच्या आधी माडिया भाषा शिकावी लागली. रोग्याचे दुखणे कळणार ते त्याच्याच शब्दांत. आज त्याच मुलखातला रोगी पुढील उपचारास नागपुरास पाठविला जातो. तेथे डॉक्टरास त्याची भाषा कळो वा न कळो, पण त्याच्या आधी बसस्थानक लागते, आणि परतीची गाडी कोठे लागली आहे हे त्याला तेथेच, त्या गर्दीत, ऐकावयाचे असते.