चाकांवरचे बिऱ्हाड आणि ऊन पाणी

आजचा विषय ऐकून काहींना हसू येईल. देशापुढे थोरथोर प्रश्न उभे असता आंघोळीच्या ऊन पाण्यावर व्याख्यान कसले, असे कोणी विचारील. परंतु ज्याचे बिऱ्हाड भिंतींच्या आत नसून चाकांवर आहे, त्याला हा प्रश्न रोज उजाडण्यापूर्वी सोडवावा लागतो. तो कोण सोडवते आणि कसा, यावर घरातील एखाद्या माणसाची झोप, क्वचित प्रसंगी प्राणही, अवलंबून असतो.

चाकांवरचे बिऱ्हाड म्हटले की हल्ली कारव्हॅन डोळ्यांपुढे येते. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कारव्हॅन पर्यटनाचे धोरण केले, तेव्हापासून हा शब्द आपल्याकडेही रुळू लागला. पण वस्तू नवी नाही. आमच्या चिखलीहून तळवडे-चाकणच्या बाजूस जावे, तो कारखान्यांच्या आसपास मालाची वाट पाहणारे ट्रक उभे दिसतात. चालकाचे शयनगृह केबिन, आणि स्वयंपाकघर ट्रकच्या सावलीतील स्टोव्ह. पश्चिमेस कासारसाई-दारुंब्रे येथे साखर कारखाना आहे. असे कारखाने पेटले की महाराष्ट्रात ऊसतोडीची कुटुंबे बैलगाड्यांतून व ट्रॅक्टरमागील गाड्यांतून निघतात आणि चार-पाच महिने कोपीत राहतात. ज्येष्ठ वद्यात देहू व आळंदीहून पालख्या पंढरीस निघतात, तेव्हा दिंड्यांबरोबर सामानाचा ट्रक आणि पाण्याचा टँकर चालतो. हौशी प्रवासी, चालक, ऊसतोड्या आणि वारकरी यांची स्थिती अगदी निरनिराळी. परंतु पाणी थोडे, सरपण थोडे आणि जागा थोडी, ही अडचण चौघांचीही एकच.

अशा ठिकाणी पहिला उपाय सरपणाचा नव्हे, मापाचा होय. पाश्चात्य देशांतील फिरत्या घरांत पाणी तापविण्याची टाकी पुष्कळदा वीस-पंचवीस लिटरांचीच असते. वरून झारी सोडली आणि मिनिटास आठ-दहा लिटर पाणी वाहू लागले, तर ती टाकी कितीशी पुरणार? म्हणून तेथील जाणते लोक अंग भिजवून पाणी बंद करतात, साबण लावतात आणि मग पुन्हा पाणी सोडतात. ही शिस्त त्यांना शिकावी लागते. आपल्या तांब्यात ती मुळातच आहे. तांब्या म्हणजे आपोआप बंद होणारा नळ! प्रत्येक वेळी हात बादलीत जातो, म्हणून पाणी किती उरले हे डोळ्यांना दिसते. पंधरा लिटरांच्या एका बादलीत मोठ्या माणसाची आंघोळ नीट होते. चाकांवरच्या बिऱ्हाडात झारीचा मोह सोडून तांब्या-बादली ठेवावी, हे माझे पहिले सांगणे.

आता थोडे गणित. शाळामास्तराला तेवढी मुभा असावी. एक लिटर पाणी एक अंशाने तापविण्यास एक किलोकॅलरी उष्णता लागते. हिवाळ्यातील पाणी वीस अंशांचे आणि अंगाला सोसणारे ऊन पाणी चाळीस अंशांचे धरू. पंधरा लिटरांना वीस अंश चढवावयाचे, म्हणजे तीनशे किलोकॅलरी झाल्या. विजेच्या भाषेत हे सुमारे एक तृतीयांश युनिट होय.

हा आकडा लहान वाटतो. परंतु बारा व्होल्ट आणि शंभर अँपिअर-तासांच्या बॅटरीत मुळी सव्वा युनिटाहून किंचित कमीच वीज असते, आणि साध्या बॅटरीचे आयुष्य राखावयाचे तर तीतील निम्मीच वापरावी. एका बादलीतच त्या निम्म्यातील अर्ध्याहून अधिक संपते. तेव्हा गाडीच्या बॅटरीवर दिवा लावावा, पंखा चालवावा. पाणी तापवू नये. गॅसचे तसे नाही. शेगडीत वाया जाणारी उष्णता धरूनही एका बादलीस पंचेचाळीस ते पन्नास ग्रॅम गॅस पुरतो. पाच किलोच्या लहान सिलिंडरवर सुमारे शंभर आंघोळी होतात.

डिझेल इंजिन चालले म्हणजे जळणातील उष्णतेचा बराच भाग थंड करणाऱ्या द्रवात जातो आणि तो द्रव ऐंशी-नव्वद अंशांपर्यंत तापतो. ती उष्णता नळीच्या वेटोळ्यातून वेगळ्या टाकीतील पाण्यास देण्याची सोय कारव्हॅनांत करतात, आणि ती उत्तम आहे. मात्र रेडिएटरचेच पाणी अंगावर घेण्याची कल्पना कोणी मनातही आणू नये. त्यात विषारी रसायन मिसळलेले असते, आणि तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडताच वाफ तोंडावर येते.

याहून मोठे भय बंद जागेतील जाळाचे आहे. थंडीत केबिनच्या काचा चढवून आत शेगडी पेटविणे, किंवा कोंदट न्हाणीत गॅसचा गिझर चालविणे, म्हणजे मृत्यूला घरात घेणे होय. अपुऱ्या हवेत जळताना कार्बन मोनॉक्साइड वायू निर्माण होतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला प्रथम गुंगी येते आणि दार उघडण्याचे त्राण राहत नाही. जाळ नेहमी उघड्यावर असावा, आणि तापलेले पाणी आत न्यावे. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मालट्रकांच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले, हे योग्यच झाले. चालकाच्या झोपेचा विचार झाला. तसा त्याच्या स्नानाचाही ठायी ठायी व्हावा.

आता मुख्य गोष्ट. आपल्या आयाबायांना विसण ठाऊक आहे. तिचे गणितही सोपे आहे. सगळी बादली तापविण्याची गरजच नाही. ऐंशी अंशांचे पाच लिटर कढत पाणी आणि वीस अंशांचे दहा लिटर गार पाणी एकत्र केले, की चाळीस अंशांचे पंधरा लिटर होते. एक भाग कढत, दोन भाग गार. उष्णता तितकीच लागते, पण भांडे लहान पुरते. आणि लहान भांड्यातील उष्णता राखून ठेवता येते. रात्रीचा स्वयंपाक आटोपल्यावर त्याच जाळावर पाच लिटर पाणी तापवावे आणि उष्णता राखणाऱ्या बंद पात्रात भरावे. असे पात्र नसेल, तर घट्ट झाकणाचे भांडे जाड गोधडीत गुंडाळून, भोवती भुसा किंवा पाचट दाबून खोक्यात ठेवावे. समजा, पहाटेपर्यंत ते पाणी पासष्ट अंशांवर उतरले. तरी त्यात सव्वासहा लिटर गार पाणी सामावते आणि चाळीस अंशांचे सव्वाअकरा लिटर हाती येते. एवढ्यात काटकसरीने एक आंघोळ निभते. मिसळताना मात्र बादलीत आधी गार पाणी घालावे, मग कढत. लहान मुले भाजण्याचे प्रसंग उलट क्रमानेच ओढवतात.

संध्याकाळी आंघोळ करणाऱ्यास सूर्यही मदत करतो. काळ्या डब्यात पाणी भरून दिवसभर उन्हात ठेवावे. ऊन उतरण्यापूर्वी ते चांगले कोमट झालेले असते. उसाच्या फडातून किंवा लांबच्या फेरीवरून आलेल्याला खरी गरज त्याच वेळी असते.

श्रोतेहो, हा सगळा हिशेब पैशांपुरता नाही. कोपीत सर्वांआधी कोण उठते? घरधनीण. पाणी आणणे तिचे, चूल पेटविणे तिचे, सर्वांचे पाणी काढून देणे तिचे. आणि नंतर तीही कोयत्याबरोबर फडात जाते. तिच्या स्वतःच्या वाट्याला पुष्कळदा तळचे निवालेले पाणी येते, आणि तेही आडोशाविना. रात्रीच भरून ठेवलेले पाणी तिची पहाटेची अर्धी घटका झोप वाचवील. पुरुषाने ते भांडे भरले आणि झाकले, तर त्यात त्याचे काहीच कमी होणार नाही. चार काठ्या आणि एक ताडपत्री यांचा आडोसाही त्यानेच उभारावा.

बिऱ्हाड चाकांवर असो वा कोपीत, ज्याची आंघोळ सर्वांच्या शेवटी होते त्याच्या बादलीत हात घालून पाहावा. ते पाणी ऊन असेल, तर त्या घरची व्यवस्था नीट आहे असे खुशाल समजावे.