घड्याळ चालू असताना

सैन्यातला इंजिनिअर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पूल येतात, रस्ते येतात. आज ज्यांच्याबद्दल बोलायचंय ते स्टुअर्ट आर्चर मुळात आर्किटेक्ट. 1915चा जन्म. दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि घरांचे नकाशे काढणारा हा माणूस ब्रिटिश सैन्याच्या रॉयल इंजिनिअर्समध्ये अधिकारी झाला. काम मिळालं न फुटलेले बॉम्ब निकामी करायचं.

आता तुम्ही म्हणाल, फुटलाच नाही तर भीती कसली? तर गंमत अशी, की 1940 साली जर्मन विमानं जे बॉम्ब टाकत, त्यातले काही मुद्दाम उशिरा फुटणारे असत. त्यांच्या 17 नंबरच्या फ्यूजमध्ये चक्क घड्याळ असे. बॉम्ब पडल्यावर कित्येक तासांनी, कधी दोन-तीन दिवसांनीही तो फुटायचा. तोवर रेल्वे बंद, कारखाना बंद, आजूबाजूची घरं रिकामी. म्हणजे न फुटताही बॉम्बचं काम चालूच!

पद्धत साधारण अशी असायची. जवान खड्डा खणून बॉम्ब उघडा करायचे. मग अधिकारी त्यांना लांब पाठवायचा आणि फ्यूज काढायला एकटा खाली उतरायचा. चूक झाली तर एकच माणूस जावा, हा त्यामागचा सरळ हिशोब.

पण जर्मनांनीही डोकं लढवलं. फ्यूजच्या खाली त्यांनी आणखी एक छोटं साधन दडवलं, त्याचं नाव ‘झुस 40’. फ्यूज ओढून काढला, की हे साधन बॉम्ब उडवणार. बाहेरून पाहून काही कळायचं नाही. आणि ज्याला ते सापडायचं, तो सांगायला उरायचा नाही.

2 सप्टेंबर 1940. वेल्समध्ये स्वान्सीजवळ लँडार्सी इथला तेलशुद्धीकरण कारखाना. हवाई हल्ल्यानंतर तेलाच्या टाक्या पेटलेल्या, आणि त्यांच्यामध्ये न फुटलेले बॉम्ब. आर्चर त्यातल्या एका बॉम्बपाशी काम करत होते, आणि तेवढ्यात जवळचाच दुसरा बॉम्ब फुटला. तरी ते हटले नाहीत. फ्यूज बाहेर आला, आणि त्याच्याबरोबर खाली लपवलेलं ते साधनही. शाबूत हाती लागलेल्या ‘झुस 40’च्या पहिल्या नमुन्यांपैकी हा एक.

मला विचाराल तर या गोष्टीचं मर्म इथे आहे. एक कारखाना वाचला, हे मोठंच. पण त्या दिवशी माहिती वाचली, हे त्याहून मोठं. शत्रूनं खाली काय ठेवलंय हे एकदा कळलं, की फ्यूजला हात न लावायच्या युक्त्या कामी आल्या: चुंबकानं घड्याळ थांबवायचं, बॉम्बच्या कवचाला भोक पाडून वाफेनं आतली स्फोटकं वितळवून बाहेर काढायची. पुढच्या खड्ड्यात उतरणारा अधिकारी आता अंधारात नव्हता.

आर्चर यांना 1941 साली जॉर्ज क्रॉस मिळाला. युद्धानंतर ते पुन्हा आर्किटेक्ट म्हणून कामाला लागले. 2015 साली, वयाची शंभरी ओलांडून ते गेले. ज्या कामात उद्याचा भरवसा नव्हता, त्यातून आलेला माणूस शंभर वर्षं जगला!

धाडसाच्या गोष्टी आपण खूप ऐकतो. मला आर्चर आठवतात ते मात्र मागून येणाऱ्याची वाट मोकळी करणारा माणूस म्हणून.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.