बाळाचं वजन किती?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



मला सांगितलं होतं, 'कॉम्प्युटरवर बोल.' पण समोर बघते तर निम्म्याअधिक जणांच्या घरात लहान मूल आहे, एक-दोघी तर आजी झाल्यात. म्हणून मेडिकलच्या काउंटरबद्दल बोलते. कॉम्प्युटर त्यात येईलच. मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट नाही. चूक कुठून आत शिरते हे शोधायचं, एवढंच माझं रोजचं काम.

चांदीपमध्ये काय किंवा विरारच्या एखाद्या चाळीत काय, रात्री बाळाला ताप भरला की पहिली धाव मेडिकलकडे. आपण म्हणतो, "लहान मुलाचं पॅरासिटामॉल द्या." आता गंमत बघा. लहान मुलाचं पॅरासिटामॉल एकच नसतं. एका बाटलीत ५ मिलीमध्ये १२० मिलिग्रॅम औषध असतं, दुसरीत तेवढ्याच ५ मिलीमध्ये २५०. तान्ह्या बाळाचे ड्रॉप्स येतात त्यात १ मिलीमध्येच १०० मिलिग्रॅम. खोकी सारखी, नाव तेच, फळाचं चित्रही कधीकधी तेच.

आपल्या गणिताच्या सरांसाठी उदाहरण मांडते. डॉक्टर सहसा किलोमागे १५ मिलिग्रॅमपर्यंत देतात. बाळ १० किलोचं असेल तर झाले १५० मिलिग्रॅम. म्हणजे पहिल्या बाटलीतून साधारण ६ मिली, दुसरीतून ३, आणि ड्रॉप्समधून फक्त दीड. मागच्या वेळी '६ मिली' सांगितलं होतं हे आईच्या लक्षात आहे, पण या वेळी हातात ड्रॉप्स आले, तर बाळाच्या पोटात ६०० मिलिग्रॅम गेलं. चौपट! दिवसातून चार वेळा, दोन-तीन दिवस असं झालं तर यकृतावर बेततं. उलटही होतं. ड्रॉप्सचं माप सिरपला लावलं की औषध पुरेसं जातच नाही, ताप उतरत नाही, आणि आपण म्हणतो, 'या डॉक्टरचा गुण येत नाही.'

यात आईचं काय चुकलं? तिने सांगितलं तसंच केलं. दुकानदारानेही मागितलं तेच दिलं. दोघांच्या मधली एक माहिती कुणी विचारलीच नाही: बाळाचं वजन.

दुकानातलं बिलिंग सॉफ्टवेअर मी मुद्दाम बघत असते, सवयच आहे. मी पाहिलेल्या प्रोग्रॅमना बॅच नंबर माहीत, एक्सपायरी माहीत, जीएसटी पैशापर्यंत माहीत. बॅचचा उपयोगही आहेच. ऑक्टोबर २०२५ मध्ये कोल्ड्रिफ नावाच्या खोकल्याच्या औषधात विषारी डायइथिलीन ग्लायकॉल सापडलं. छिंदवाड्याची कित्येक मुलं दगावली, त्यातल्या अनेकांवर आपल्या नागपुरात उपचार चालू होते. तेव्हा महाराष्ट्राच्या एफडीएनेही एसआर-१३ ही बॅच थांबवायला सांगितलं. असा माल शोधायला बॅच नंबर लागतोच. पण त्याच पडद्यावर मुलाचं वय आणि वजन लिहायला जागा नसते. माझं म्हणणं एवढंच, की लहान मुलाचं पातळ औषध स्कॅन झालं की वजन भरल्याशिवाय बिल निघूच नये. आमच्या धंद्यात हे अर्ध्या दिवसाचं काम आहे. वय भरलेलं असेल तर आणखी एक फायदा. नायमेसुलाइड २०११ पासून १२ वर्षांखालच्या मुलांना द्यायला आपल्याकडे मनाई आहे. तिथे बिल आपोआप अडेल.

आपल्यातले दोघं मेडिकल चालवतात, ते आता मनात म्हणत असतील, 'गर्दीच्या वेळी हिने येऊन उभं राहावं.' बरोबर आहे रे. संध्याकाळी सात वाजता काउंटरवर दहा हात पुढे असतात. पण फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स २०१५ मध्ये रुग्णाला औषध समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं काम म्हणून लिहिलेलं आहे, आणि लहान मुलाच्या बाबतीत ते अर्ध्या मिनिटात होतं. बाटलीवर स्केचपेनने मिली लिहायचं. अर्धा मिली असेल तर आधी शून्य काढून मग टिंब द्यायचं; नुसतं टिंब पुसलं की त्याचे पाच होतात. आणि चमचा हा शब्द विसरायचा. आपल्या घरात चमचे किती तऱ्हेचे आहेत, मोजा एकदा!

अँटिबायोटिकच्या पावडरच्या बाटलीबद्दल तर वेगळं भाषण होईल. बाटलीवरच्या खुणेपर्यंत पाणी घालून हलवायचं, फेस बसला की पुन्हा खुणेपर्यंत भरायचं. कुणी कमी पाणी घालतं, मग औषध दाट होतं आणि प्रत्येक डोस जास्त जातो. शक्य असेल तिथे दुकानातच कालवून घ्या, आणि किती दिवस टिकेल, फ्रिज लागेल का, तेही तिथेच विचारा.

आणि बाई, तुम्ही अजून पालकसभेला जाता म्हणून तुम्हाला एक विनंती. वजनाचा काटा शाळेत आहे, अंगणवाडीतही आहे. दर तीन महिन्यांनी मुलाचं वजन एका चिठ्ठीवर लिहून घरी पाठवता येईल का? ती चिठ्ठी आईच्या पाकिटात राहिली तर रात्री दहा वाजताही काउंटरवर आकडा सांगता येतो.

बाहेर चहाच्या टेबलाशेजारी मी ५ मिलीच्या पिचकाऱ्या ठेवल्या आहेत, बिनसुईच्या. ज्यांच्या घरी लहान मूल आहे त्यांनी जाताना एकेक घ्या. उरतील त्या आपल्या दोघा दुकानदारांना देऊन जाते.