हेब्बाळचे वृक्ष आणि लोकांचा अधिकार



शहरातील झाड राखायचे की तोडायचे, हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा? हा प्रश्न बंगळूरमध्ये २०१६ साली ऐरणीवर आला. विमानतळाच्या वाटेवर बसवेश्वर चौक ते हेब्बाळ असा ६.७ किलोमीटरचा पोलादी उड्डाणपूल उभारण्याचे कर्नाटक सरकारने ठरवले. त्यासाठी ८१२ झाडांवर कुऱ्हाड पडणार होती.

कायदा नव्हता असे नव्हे. कर्नाटकात १९७६ पासून वृक्षसंरक्षण कायदा आहे. परंतु परवानगी देणारा वृक्ष अधिकारी सरकारनेच नेमलेला, आणि झाडे तोडू पाहणारेही सरकारच! १६ ऑक्टोबर २०१६ रोजी हजारो नागरिकांनी मानवी साखळी उभारली. राष्ट्रीय हरित लवादाने स्थगिती दिली, आणि मार्च २०१७ मध्ये सरकारला प्रकल्प मागे घ्यावा लागला.

स्थगितीस विलंब झाला तर काय होते, हे मुंबईत दिसले. आरेमध्येही लोक झगडत होते. पण ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने याचिका फेटाळताच रातोरात वृक्षतोड सुरू झाली. सर्वोच्च न्यायालयाने ७ तारखेला ती थांबवली, तोवर दोन हजारांहून अधिक झाडे पडली होती.

हा सुखवस्तूंचा छंद नव्हे. सावलीची गरज वातानुकूलित मोटारीस नसते. ती फेरीवाल्यास, बांधकाम मजुरास, बसथांब्यावरील कामगारास असते. म्हणून परवानगीपूर्वीच वस्तीत जाहीर सुनावणी व्हावी, ही मागणी कामगार संघटनांनी आपली म्हणून लढवली पाहिजे.