कातळावरचे फुरसे आणि आपला गडी

(मिरकरवाडा येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



बैठक मिरकरवाड्यात ठेवली तेव्हा काहींनी आम्हाला विचारले, बंदरावर शेतकऱ्यांचे काय काम? काम आहे. खाली जेटीवर बघा. मासळी उतरवणाऱ्या गड्यांच्या पायात गमबूट दिसतील. आणि वर सड्यावर, आपल्या हापूसच्या बागेत, पावसानंतर गवत काढणारा गडी स्लिपरवर, नाहीतर अनवाणी. दोघेही बहुधा नेपाळातून पोटासाठी आलेले. बंदरावर माशाच्या काट्याची काळजी घेतली जाते. आपण फुरशाचीही घेतलेली नाही.

फुरसे रत्नागिरीला नवे नाही. १८६२ च्या डिसेंबरात इंग्रज सरकारने बक्षीस लावले, तेव्हा आठ दिवसांत लाखावर फुरशी मारून आणली गेली. फुरशी मेली, कातळ तोच राहिला. जेमतेम हातभर जनावर. जांभ्याच्या दगडाखाली, गडग्याच्या फटीत बसते. गडगा रचताना आपला हातच त्याच्या तोंडाशी जातो. डिवचले की अंगावर अंग घासून खसखस आवाज करते, पण ग्रास कटर चालू असला तर तो कोणाला ऐकू येणार?

जखम बारीक असते. गडी म्हणतो काटा लागला, मालक म्हणतो एवढी ओळ संपव. फुरशाचे विष रक्त गोठू देत नाही. हिरड्यांतून, लघवीतून रक्त जाते, पुढे मूत्रपिंडे निकामी होतात. माणूस लगेच मरत नाही, म्हणून आपण दिवस घालवतो. आमच्यातल्याच एकाच्या बागेत हे झाले. आम्ही शहाण्यांनी दोरी करकचून बांधली, ब्लेडने चीर दिली. मग रक्त थांबेचना. गडी वाचला, पण आमच्या उपचारामुळे नव्हे.

तेव्हा बांधायचे नाही, कापायचे नाही, चोखायचे नाही. माणसाला चालवायचे नाही. हातपाय हलू न देता गाडीत घालून सरकारी दवाखान्यात न्यायचे. साप पकडून न्यायची गरज नाही. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालते. डॉक्टर काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटे ठेवतात. गोठले नाही तर विष भिनले. ही तपासणी केली का, हे विचारायला लाजू नका. विंचवाचेही तसेच. शेजारच्या रायगडात महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रक्तदाबाची प्राझोसिन ही साधी गोळी विंचूदंशावर देऊन माणसे वाचवली. १९८६ मध्ये ते लॅन्सेटमध्ये छापून आले. लस आणि ही गोळी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात शिल्लक आहे का, हे गवत काढायच्या आधी जाऊन बघायचे.

आता कटू बोलतो. सर्पदंशाने शेतकरी गेला तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या अपघात योजनेतून २ लाख रुपये मिळतात. पण ते खातेदाराला आणि त्याच्या घरातल्या एकाला. सातबारावर नाव नसलेल्या गड्याला त्यातून काही नाही. कातळावर हात घालतो तो, आणि योजना आपली! शेतमजूर या योजनेत आलाच पाहिजे, ही मागणी आपण शेतकऱ्यांनीच जिल्हाधिकाऱ्यांकडे न्यायची आहे. निवेदन तयार आहे, सह्या करून जा.

आणि उद्या बागेत गेलात की प्रत्येक गड्याच्या पायाचे माप लिहून आणा. गमबूट एकदमच घेऊ.